ऑस्करसोबत कोण राहणार?

आमच्या घरी ऑस्कर आला तो शाळेतून. मी पनवेलच्या एका शाळेत ग्रंथपाल होते. मुख्याध्यापकांच्या खोलीत शोभेसाठी काचेची एक लहान टाकी ठेवलेली होती. तिच्यात कुणीतरी रंगीत मासे आणून सोडले, आणि त्यांतच बोटाएवढा, काळ्या अंगावर केशरी नक्षी असलेला हा एक होता. सहा महिन्यांनी टाकीत तो एकटाच उरला. बाकीचे कुठे गेले ते सगळ्यांना कळत होतं, बोलत कुणी नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला खायला कोण घालणार, असा प्रश्न निघाला. शिपाई म्हणाला, नाल्यात सोडून येतो. मी म्हणाले, नको, मी नेते. झाकणाच्या बादलीत घालून, रिक्षात दोन पायांत धरून मी तो घरी आणला. त्याला तीन फुटी टाकी घेतली, आणि वर्षभरात तो त्या टाकीत जेमतेम वळू शकेल एवढा झाला.

त्याच सुमारास आम्ही गावातली भाड्याची जागा सोडून विचुंब्याला फ्लॅट घेतला. हॉलमध्ये खिडकी आणि दार यांच्यामध्ये पाच फुटांची भिंत मोकळी होती. नवरा म्हणाला, शोकेस करू. मी म्हणाले, टाकी. तो तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर जायचा, घरात असेल तेव्हा झोपलेला असायचा, त्यामुळे त्याने फार वाद घातला नाही. टाकी रोडपालीच्या एका मत्स्यालयवाल्याकडून बांधून घेतली. चार माणसांनी ती जिन्यावरून वर चढवली.

आता तिच्यात ऑस्करसोबत कुणाला ठेवायचं?

हा प्रश्न मी गमतीने घेतला नव्हता. शाळेतली पुस्तकं विषयवार लावण्यात माझी हयात गेलेली. मी वही केली. रोज संध्याकाळी इंटरनेटवर दक्षिण अमेरिकेतल्या सिक्लिड माशांबद्दल, म्हणजे ऑस्करच्या कुळातल्यांबद्दल, वाचायचं आणि वहीत लिहायचं: केवढा वाढतो, स्वभाव कसा, पाण्याच्या तळाशी राहतो की मधे, ऑस्करच्या तोंडात मावतो का. एंजल मावत होता, तो बाद. डिस्कसला कोमट आणि अगदी कमी क्षारांचं पाणी लागतं, आमच्याकडे कधी नळाचं, कधी टँकरचं, तोही बाद. ग्रीन टेरर नावाचा एक देखणा मासा होता, पण त्याच्याबद्दल जो तो एकच सांगत होता की हा कुणालाही जगू देत नाही. शेवटी दोन नावं उरली. सेव्हरम, म्हणजे ताटलीसारखा गोल, शांत मासा, आणि ब्लू अकारा, निळसर खवल्यांचा, वीतभर वाढणारा, आपल्यापुरता राहणारा. दोन सेव्हरम, चार अकारा आणि ऑस्कर. तीन महिने घालवून मी इथवर आले होते.

दुकानदाराला वही दाखवली. त्याने पहिलं पानसुद्धा वाचलं नाही.

"मॅडम, टेन्शन कशाला घेता? सगळे साउथ अमेरिकन. सब साथ में रहते हैं. पंधरा टाका, टाकी भरलेली दिसेल."

"पंधरा नकोत. हे सहा हवेत."

"देतो ना."

सेव्हरम अर्धे वाढलेले मिळाले, ते थेट मोठ्या टाकीत गेले. ऑस्करने दोन दिवस त्यांच्यामागे धावून पाहिलं आणि सोडून दिलं. अकारा मात्र अंगठ्याएवढे होते. ऑस्करने ते एका घासात संपवले असते, म्हणून जुनी तीन फुटी टाकी स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी लावली आणि त्यांना तिथे वाढवायला घेतलं. चार महिने लागणार होते. चालेल म्हटलं.

तिसऱ्या महिन्यात एक अकारा मेला. मला वाटलं, पाणी बिघडलं. मग दुसरा मेला, त्याच्या शेपटीचे तुकडे झालेले. उरलेल्या दोघांतला एक सतत वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या नळीमागे लपलेला, आणि दुसरा सगळ्या टाकीचा मालक. त्या मालकाच्या शेपटीला आणि पाठीच्या पराला पांढरी कड उमटायला लागली होती. मी वही उघडली. अकाराला अशी कड नसते. ती ग्रीन टेररला असते. ज्याला मी पहिल्या आठवड्यात बाद केला होता तोच मासा तीन महिने माझ्या हातून रोज दोन वेळा खात होता.

नळीमागचा अकारा दुसऱ्या दिवशी गेला.

मी दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "लहानपणी सगळे सेम दिसतात, मॅडम. वरूनच मिक्स येतात."

"मग हा परत घ्या."

"एवढा मोठा झालेला कोण घेणार? ठेवा ना. शो चांगला आहे त्याला."

असा तो ग्रीन टेरर एकटा तीन फुटी टाकी अडवून बसला. मला राग त्या माशाचा नव्हता. इतकं वाचून, इतकं लिहून, जिच्यावर सगळं अवलंबून होतं ती गोष्ट दुकानदाराच्या जाळीत काय येईल त्यावरच ठरत होती, याचा होता.

या सगळ्यात माझे सासरे आमच्याकडे राहायला आले होते. ते उरणकडच्या कोळी कुटुंबातले. तरुणपणी होडीवर जायचे, पुढे बंदरात नोकरी केली. गावच्या जमिनीवरून भावाशी बोलणं काही वर्षांपूर्वीच तुटलं होतं, त्यात सासूबाई गेल्या, गुडघे दुखायला लागले, तेव्हा नवऱ्याने त्यांना इकडे आणलं. फ्लॅटमध्ये त्यांना करायला काही नव्हतं. सकाळचा चहा झाला की प्लास्टिकची खुर्ची टाकीसमोर ओढून बसायचे ते जेवणापर्यंत.

एकदा ते म्हणाले, "ह्यो तुजा साहेब चिलापीसारखा दिसतो. तोंड बग त्याचं."

मला त्यांच्या निरीक्षणाचं कौतुक वाटलं. मी उत्साहाने सांगितलं, "बाबा, बरोबर आहे तुमचं. हे सगळे एकाच कुळातले. चिलापी, म्हणजे तिलापिया, त्यातलीच. आपल्या खाडीतलं कालुंदरसुद्धा त्यातलंच."

"कालुंदर पन?" ते मोठ्याने हसले. "जनमभर कालुंदर खात आलो आमी. म्हंजे ह्याचे भाऊबंदच खाल्ले का गो?"

ते कितीतरी दिवसांनी हसले होते. मला बरं वाटलं. मी आधीच गप्प बसले असते तर बरं झालं असतं.

पुढच्याच आठवड्यात शाळेत पुस्तकांची मोजदाद चालू होती. मी उशिरा, धुळीने माखून घरी आले. टाकीचा दिवा लागलेला होता. टाकीत तळहाताएवढे तीन करडे मासे फिरत होते. ऑस्कर एका कडेला, रंग उतरलेला. एक सेव्हरम लाकडाच्या ओंडक्यामागे शिरलेला, आणि त्याचा पर फाटून चिंधीसारखा लोंबत होता. खुर्चीशेजारी तेलाचा रिकामा डबा, आणि सासरे प्रसन्न चेहऱ्याने बसलेले.

"बाबा, हे काय?"

"चिलापी. गावच्या तलावातली. सोबत आनली त्याला."

"कुणाला विचारून?"

लग्नाला बारा वर्षं झाली होती. त्यांच्याशी मी या आवाजात कधी बोलले नव्हते. तेही गोंधळले.

"तूच म्हनालीस ना, एका कुळातले हाय म्हणून. मी म्हटलं, बरे राहतील."

"एका कुळातले असले म्हणून काय झालं? तुमचं तरी तुमच्या भावाशी पटतं का?"

बोलून झाल्यावर मी काय बोलले ते मला ऐकू आलं. सासरे उठले, आत गेले, कपाटातून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा काढून आणला. मला म्हणाले, "दिवा बंद कर, आन् बाजूला हो." गुडघा धरत स्टुलावर चढले. त्यांच्या जागी मी असते तर ओंडके काढून, अर्धं पाणी उपसून, दोन तास पाठलाग केला असता. त्यांनी मच्छरदाणी पाण्यात सोडली, हात न हलवता थांबले, आणि तिन्ही चिलाप्या एकेक करून बाहेर काढल्या. बाकी एकाही माशाला धक्का लागला नाही. चिलाप्या परत डब्यात टाकून ते जेवण न करता झोपले.

सकाळी मी उठले तेव्हा सासरे घरात नव्हते, डबाही नव्हता. संध्याकाळी आले.

"कुठे गेला होतात?"

"गावाला. पोच केले त्यांना."

रात्रपाळीहून आलेल्या नवऱ्याने मला बाकीचं सांगितलं. ज्या भावाशी त्यांचं बोलणं बंद होतं त्याचाच मुलगा त्या दिवशी तलावात उतरला होता. काकाच्या सुनेकडे टाकी आहे हे ऐकून त्याने स्वतः जाळं टाकून ते मासे धरले होते. सहा वर्षांनी त्या घरातून कुणीतरी त्यांना काहीतरी दिलं होतं.

"मग मला का नाही सांगितलं?" मी म्हणाले.

"तू विचारलंस का?" नवरा म्हणाला आणि झोपायला गेला.

मला रडूही येईना. माझं चुकलं होतं हे दिसत होतं, आणि तरी टाकीकडे बघितलं की राग येतच होता. माझ्या जागी कुणीही चिडलं असतं, असं मी दिवसभर मनात घोळवत राहिले.

त्यानंतर आठवड्याच्या आत माशांच्या अंगावर साखर सांडल्यासारखे पांढरे ठिपके आले. हा रोग बाहेरच्या पाण्यातून येतो. नवीन मासा आधी वेगळा ठेवायचा असतो, पण वेगळी टाकी ग्रीन टेररने अडवलेली. मी खडेमीठ घातलं, पाणी गरम ठेवायला हीटर लावला, आणि रोज दुपारी तीन तास वीज जायची तेव्हा पाणी थंड व्हायचं, हवेचा पंप बंद पडायचा. बॅटरीवरचा पंप आणला, तो दोन दिवसांत बिघडला. मी शाळेत असताना सासरे तांब्याने टाकीतलंच पाणी काढून उंचावरून परत टाकीत ओतत बसायचे, म्हणजे त्यात हवा मिसळावी. असं करायला मी त्यांना सांगितलं नव्हतं. होडीत जिवंत कोळंबी ठेवताना तसं करायचे, म्हणाले. आमच्यात तेवढंच बोलणं होत होतं.

फाटक्या पराचा सेव्हरम आधी गेला. दुसरा तीन दिवसांनी. ऑस्कर वाचला.

"त्या चिलापीनंच आनलं का?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलून त्यांना बरं वाटू द्यायला हवं होतं. मी म्हणाले, "असेल."

महिनाभर पाच फुटांच्या टाकीत एकटा ऑस्कर होता. शेवटी एका रविवारी मी रोडपालीला निघाले, तर सासरे चपला घालून दाराशी उभे.

"मी येतो."

"बाबा, जिने आहेत, गुडघा..."

"येतो म्हटलं ना."

दुकानात मोठ्या टाकीत आठ-दहा सेव्हरम होते. मी दोन निवडले, दुकानदार जाळी घेऊन पुढे झाला, तोच सासऱ्यांनी हात वर केला. स्टूल मागून घेतलं आणि टाकीसमोर बसले. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले. तासभर गेला. गिऱ्हाइकं येत होती, जात होती, दुकानदार दर पाच मिनिटांनी "काका, सगळे सेम आहेत" म्हणत होता. मला घरी जाऊन स्वयंपाक करायचा होता. मला लाज वाटत होती आणि कंटाळाही आला होता.

"त्यो नको," माझ्या पहिल्या निवडीकडे बोट करून ते म्हणाले. "बाकीच्यांना खाऊ देत नाय. आन् त्यो कोपऱ्यातला पन नको, तो भितो. भिणारा पयला मरतो. ह्यो घे, आन् ह्यो."

माझ्या वहीत यातलं काहीच नव्हतं. वहीत फक्त माशाची जात लिहिलेली होती. एका जातीतला कुठला मासा घ्यायचा याला रकानाच नव्हता. मला ते पटलं, आणि पटलं म्हणून आणखी चीड आली, कारण तीन महिने मी नेमकं काय करत होते?

"बाबा," परत येताना रिक्षात मी म्हणाले, "त्या दिवशी मी जे बोलले, ते बोलायला नको होतं."

ते पिशवी मांडीवर धरून बसले होते. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला पिशवी वर उचलत होते.

"खरंच हाय ते," ते म्हणाले. मग पिशवी सावरत, "पन तू नाय बोलायचंस."

मी हो म्हणाले.

नवे सेव्हरम सोडले तेव्हा ऑस्कर त्यांच्यावर धावून गेला. मी जाळी घेऊन दोन तास उभी होते. सासरे मधेच उठून जेवायला गेले, म्हणाले, काय होत नाय. मला विश्वास नव्हता. त्या दिवशी खरंच काही झालं नाही. पण नंतरही अधूनमधून ऑस्कर पिसाळायचा, एखाद्या सेव्हरमची खवलं उडायची, मग महिनाभर सगळं शांत. ते तिघे चार वर्षं एकत्र राहिले. ग्रीन टेररला शेवटी खारघरच्या एका मुलीने नेलं, त्याच्यासाठी वेगळी टाकी ठेवते म्हणाली, ठेवली की नाही मला माहीत नाही. घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, एवढी मोठी टाकी आणि तीनच मासे?

सासरे रोज सकाळी खुर्ची ओढून तासन् तास त्यांच्यासमोर बसायचे. मला ते कधी जमलं नाही. मी टाकीकडे बघितलं की आधी तिघांचे पर मोजायची, मग ठिपके शोधायची, आणि तोवर शाळेची वेळ झालेली असायची.