मायनर म्हणजे किरकोळ

मुलगी माझ्या सख्ख्या मामाची, म्हणून निकाहाआधी दोघांचं रक्त तपासून घ्या, असं बोर्लीतल्या आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. दोघांच्या रिपोर्टात एकच शेरा आला: थॅलेसेमिया मायनर. रिपोर्ट घेऊन परत या, असंही ते म्हणाले होते. पण मी कसला जातो! आखातात गाडी चालवून नुकताच आलो होतो, इंग्रजी येतं अशी घमेंड होती. तिथे मायनर ॲक्सिडेंट म्हणजे बंपरला ओरखडा. मीच घरात जाहीर केलं, "मायनर म्हंजे किरकोळ. त्यात दोघांचा सारखा, म्हंजे जोडी जमली!" सगळे हसले. मामूंनी पाठ थोपटली.

दोन मायनरांच्या पोटी मेजर जन्माला येऊ शकतो, हे आमची लेक पांढरीफटक पडली तेव्हा कळलं. तेव्हापासून दिघीची फेरीबोट, पुढे अलिबाग, आणि तिला रक्त चढवणं चालूच आहे. बायकोने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

लेक आता कॉलेजात आहे. परवा मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी नव्या उपचाराचं सांगितलं. तिच्याच हाडांच्या मगजातल्या पेशी काढायच्या, त्यांतलं जनुक दुरुस्त करायचं आणि तिलाच परत द्यायच्या. अजून चाचणीच चालू आहे, खात्री कुणी देत नाही. पण जमलं तर रक्त चढवणं सुटेल. मला तिथेच रडू फुटलं. माझी चूक कुणीतरी खोडून देणार, असंच वाटलं मला. किती स्वार्थी विचार!

बाई पुढे म्हणाल्या, "आधी जबर औषधं द्यावी लागतात. त्यानंतर मूल होईलच असं नाही. हवं तर बीजांडं अगोदर काढून ठेवू. मात्र दुरुस्ती फक्त रक्तापुरती, बीजांडांत दोष राहणारच. नवऱ्याची तपासणी नीट केली, तर घाबरायचं कारण नाही."

"ठेवा, ठेवा," मी घाईने म्हणालो.

"नको," लेक म्हणाली.

"अगं, तपासून लग्न केलं तर काय व्हायचं न्हाय, बाई सांगतायत ना?"

"कळलं मला, अब्बा. पन तुमी माज्या उशाशी जसं तोंड करून बसता ना, तसं मला कुणाच्या उशाशी बसायचं न्हाय."

इतकी वर्षं मला वाटायचं, मी तिच्याशी हसतमुख असतो.