झोळीतली टाकी

लढाई संपली तेव्हा आमची मोटार पुन्हा पेट्रोलवर चालवायची ठरली. तळोद्याहून नंदुरबारला उतारू नेणारी ती मोटार लढाईभर कोळशाच्या गॅसवर धावली होती. तेवढी वर्षे पेट्रोलची टाकी गोठ्यात पडून आतून गंजली, बारीक भोकेही पडली. नवी मिळेना.

मोटार सासऱ्यांची, चालवणारा धाकटा दीर. पौर्णिमेला रनाळ्यात माझ्या भावाचे लग्न होते. मला मोटारीने पोचवायचे सासऱ्यांनी कबूल केले होते.

टाकी घासायची वेळ आली तेव्हा मी बाहेरची होते. चुलीला, माठाला हात लावायचा नाही, गोठ्यात बसायचे. सासू म्हणाली, रिकामीच बसली आहे, तिलाच द्या हे काम. माझ्या लेकाची झोळी रिकामी करून तीत टाकी ठेवली. टाकीत नदीतले खडे आणि चिंचेचे पाणी. मी झोका देत बसले. लाल पाणी ओतायचे, नवे भरायचे, पुन्हा झोका. लेक खाली गोणपाटावर रडत होता. दीर जाता-येता झोळीतल्या टाकीकडे बघून हसत विचारी, "वहिनी, पोऱ्या निजना का?"

टाकी उन्हात वाळवली. भोके आतून लाखेने बुजवायची होती. डोंगरातून एक ओळखीचा म्हातारा लाख आणि मोहाची दारू घेऊन आला. साधी दारू नव्हे, दोनदा उकळून काढलेली, काडी लावली की निळी जळणारी. लाख हिच्यातच विरघळवा, पाणी लागले तर ती धरणार नाही, असे बजावून तो गेला. दारू दिराच्या ताब्यात राहिली. दोन दिवसांनी त्याने लाख कालवली, टाकीत ओतली, टाकी सगळीकडून फिरवली आणि सुकवली.

पेट्रोल भरून मोटार निघाली ती गावाबाहेरच्या नाल्याशी बंद पडली. ढकलत घरी आणली, तर नळीत लाखेचे पांढरे पापुद्रे अडकले होते. सासरे अंगणात सगळ्यांसमोर म्हणाले, "बाहेर बसेल बाईना हात लागना, लाख कशी धरी?"

दिवसभर टाकी हलवली तेव्हा माझ्या हाताला विटाळ नव्हता. गंज निघाला तेव्हाही नव्हता. पापुद्रे निघाले तेव्हा लागला. माझा नवरा तिथेच उभा होता.

सासऱ्यांशी समोरून बोलायची आमच्यात रीत नव्हती. मी सासूला म्हटले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे. "आत्याबाई, उरेल दारूले काडी लाई देखा."

सासूने बाटली आणली, खापरात थोडी ओतली आणि काडी लावली. काडी चुरचुरली आणि विझली. दुसरीही विझली. दीर उठून मोटारीकडे गेला. अर्धी दारू पिऊन त्याने बाटली पाण्याने भरली होती, हे तिथल्या पोरासोरांनाही कळले.

सासरे माझ्याकडे वळले. "बाईमाणूसले दारूनी पारख कशी काय?"

एवढेच. दिराला शब्द नाही.

नवी दारू पौर्णिमेनंतर आली. लग्न होऊन गेले. पापुद्रे काढायला टाकी पुन्हा झोळीत गेली आणि झोका पुन्हा मीच दिला. या वेळी मी बाहेरची नव्हते, म्हणून आधी घरातले सगळे काम उरकून. मोटार भंगारात जाईपर्यंत ती टाकी गळली नाही.

लग्नाला का आली नाहीस, असे भाऊ अजून विचारतो. मी सांगते, तुझ्या लग्नाला यायची माझी मोटार दिराने पिऊन टाकली.