पेडल मारायचं राहिलं

आमचे हे ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. शिकाऊ माणसानं गिअरला हात लावायच्या आधीच "सावकाश, सावकाश" म्हणून त्याचे कान किटवतात, म्हणून सगळे त्यांना सावकाशसर म्हणतात. घरात मात्र चहाला जरा उशीर झाला की घर डोक्यावर घेतात. पण गाडीच्या बाबतीत माणूस चोख, हे मी त्यांची बायको असूनही कबूल करते.

सूनबाईला नवी नोकरी लागली, तीही गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. सोमवारपासून तिनं आमची जुनी गाडी न्यायची असं ठरलं. गाडी ती यांच्याकडेच शिकलेली. हे म्हणाले, "तिच्या हातात देतोय, तर ब्रेक पॅड नवे हवेत." गॅरेजवाल्यावर यांचा काडीचा भरवसा नाही, म्हणून रविवारी सकाळी स्वतःच इमारतीखाली जॅक लावून बसले. चाकं काढली, झिजलेले पॅड काढले, शिकंजा लावून ब्रेकचा पिस्टन आत दाबला, नवे पॅड बसवले. मी आपली नट सांभाळत आणि फडकी पुरवत उभी. शेवटचं चाक बसलं आणि कुणा विद्यार्थ्याचा फोन आला. फोन कानाला लावूनच हे सुनेला म्हणाले, "गाडी जरा पुढे घे, त्या सावलीत लाव."

तिनं घेतली. गाडी सावलीत थांबलीच नाही, सरळ जाऊन पार्किंगच्या भिंतीवर आदळली. बंपर फुटला. पोरीला काही लागलं नाही, नशीब.

मग यांच्या तोंडाचा पट्टा सुटला. "ब्रेक कुठला तेवढंही कळत नाही? पाय काय झोपले होते? इतके महिने मी काय या भिंतीला शिकवलं?" सगळ्या गॅलऱ्या भरल्या. सून मान खाली घालून "चुकलं, बाबा" म्हणाली, किल्ली माझ्या हातात दिली आणि वर गेली.

हे गाडी मागे घ्यायला बसले. ब्रेक दाबला आणि चेहरा पांढराफटक पडला. पेडल पार तळाला गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, तेव्हा कुठे ते घट्ट झालं.

"काय झालं हो?"

"पेडल मारायचं राहिलं," हे पुटपुटले. पिस्टन आत ढकलला की गाडी उभी असतानाच पेडल मारत राहायचं, पायाला घट्ट लागेपर्यंत. नाहीतर पहिल्यांदा ब्रेक लागतच नाही. हेच तर हे सगळ्यांना घसा फोडून सांगत असतात!

"मग जा आणि सांगा तिला."

"सांगतो. सावकाश."

त्यांच्या टाळक्यात पाना घालावासा वाटला मला.

दुपारी समोरच्या इमारतीतले कॅशियर विचारपूस करायला आले. "सर, सूनबाई जरा घाबरट दिसतात." आणि आमचे हे, देवा रे, मान हलवून म्हणाले, "हो, आहे थोडी." आतल्या खोलीत सून कपड्यांच्या घड्या घालत होती. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला. यांनाही झालं असावं. कॅशियर गेल्यावर चहा तसाच गार करून बसले, माझ्याकडे बघेनात.

संध्याकाळी सून समोर येऊन उभी राहिली. "बाबा, उद्यापासून मी बसनं जाते. गाडी नको. माझ्या हातून कुणाचा जीव गेला तर?"

आता मात्र यांना राहवेना. "अगं, तू ब्रेक दाबला होतास. पेडल मीच मारून ठेवलं नव्हतं. चूक माझी, सगळी माझी. लाज वाटली म्हणून बोललो नाही."

ती बघतच राहिली. "म्हणजे मी दाबला होता?"

"दाबला होतास."

"तुम्ही इतके ओरडलात ना... मला दिवसभर वाटत होतं, माझा पाय तिथे गेलाच नसेल."

हे उठून गॅलरीत गेले. कॅशियर समोर कुंड्यांना पाणी घालत होते. "अहो," हे म्हणाले, "सकाळी... सुनेनं ब्रेक दाबला होता. माझंच काम अर्धवट होतं." आवाज कठड्यापलीकडेसुद्धा गेला नाही.

कॅशियरनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात, सर? ऐकू येत नाही, मोठ्यानं बोला!"

आजूबाजूच्या गॅलऱ्यांतली डोकी वळली. यांनी मागे बघितलं. सून दारातच उभी होती. मग त्यांनी कठडा धरला आणि पहिल्या शब्दापासून सगळं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.