दत्ताभाऊंशिवाय बिल्ड

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. लोणावळ्यात भिंतीला ओल धरते तसे ते आपोआप जमतात. आमच्याकडचे बरेचसे एकाच गोष्टीभोवती आहेत, बिल्ड टूलच्या निवडीभोवती. ऐकायला कोरडं वाटेल, पण थांबा जरा.

आम्ही चार माणसं. टीमलीड सुषमाताई देहूरोडहून येतात, सर्व्हर बघणारे दत्ताभाऊ जवळच्या कान्हे गावचे, रोहन पुण्याचा आणि टेस्टिंग करणारी मी. एका मोठ्या कंपनीच्या गोदामांचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. सगळ्यांनी लिहिलेला कोड एकत्र बांधून सर्व्हरवर चढवण्याजोगा करायचा, त्याला बिल्ड म्हणतात. त्यासाठीची स्क्रिप्ट दत्ताभाऊंनी फार वर्षांपूर्वी लिहिली होती. ती त्यांच्याच मशीनवर आणि त्यांच्याच हातून चालायची.

*

दत्ताभाऊंच्या पुतणीचं लग्न होतं आणि नेमकं त्याच दिवशी कंपनीला तातडीचं बिल्ड हवं होतं. रोहन त्यांच्या मशीनवर बसला आणि त्यांना लावलेला फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडे मंगलाष्टका चालू आणि मधूनमधून दत्ताभाऊंचा आवाज, "आता पुढची कमांड दे. थांब, अक्षता टाकतो."

शेवटी वाजंत्री सुरू झाली. दत्ताभाऊंनी विचारलं, "लागलं का?"

"लग्न?" रोहन गोंधळला.

"लग्न दिसतंय मला. बिल्डचं विचारतोय."

आम्ही खूप हसलो. सुषमाताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "माणसाला घरच्या लग्नातही उभं राहू देत नाही आपण. दुसरं टूल बघायला हवं."

*

नवं टूल शोधायचं काम रोहनकडे आलं. त्याने एक निवडलं आणि शनिवारी डेमो ठेवला. हे टूल लागतील त्या लायब्ऱ्या, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार कोड, इंटरनेटवरून स्वतःच आणायचं. त्या दिवशी ऑफिसची लाईन बंद होती, म्हणून रोहनने मोबाईलचं नेट जोडलं. पण पावसाळ्यातला शनिवार, भुशी धरणाला निघालेल्या गाड्या रस्त्यात अडकलेल्या आणि गाडीतला प्रत्येक जण मोबाईलवर. स्क्रीनवर डाउनलोडची रेघ हलेना. चहा आला, कप रिकामे झाले, रेघ तिथेच.

"पुण्यात मिनिटभरात होतं हे," रोहन म्हणाला.

"पण आपण बसतो लोणावळ्यात," सुषमाताई म्हणाल्या.

रोहनने ते मनाला लावून घेतलं. पुढच्या आठवड्यात त्याने सगळ्या लायब्ऱ्यांची प्रत ऑफिसातल्याच एका मशीनवर ठेवली. नेट नसलं तरी टूल चालायला लागलं.

*

मग कोड लिहायच्या एडिटरवरून वाजलं. रोहनचा एडिटर इतका जड की तो उघडला की लॅपटॉपचा पंखा घरघरायचा. सुषमाताईंचा जुनाट, पण त्यांना त्याचं प्रत्येक बटण पाठ. दोघंही सोडायला तयार नाहीत. दोन दिवस नीट बोलणं नव्हतं.

तोडगा शेवटी सुषमाताईंनीच काढला. "लिहा कशातही. बांधायचं मात्र सगळ्यांनी एकाच टूलने."

इतकं साधं होतं, तरी दोन दिवस गेले.

*

निवडीची बैठक झाली. जुनी स्क्रिप्ट ठेवायची की नवं टूल घ्यायचं? समोर दत्ताभाऊ बसले होते आणि मोडीत निघणार होती त्यांची स्क्रिप्ट. सगळेच त्यांच्याकडे न बघता बसलो होतो.

सुषमाताईंनी सरळ विचारलं, "दत्ताभाऊ, तुमचं काय मत?"

ते बराच वेळ पेनाच्या टोपणाची उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, "मी नसताना जे चालंल, ते घ्या."

नंतरचा महिनाभर ते रोहनशेजारी खुर्ची ओढून बसायचे. कुठली फाईल आधी, कुठली नंतर आणि का, सगळं समजावून सांगायचे. आपलंच काम दुसऱ्याच्या हातात देताना माणूस कसा दिसतो, हे मी तेव्हा पाहिलं. ते एकदाही चिडले नाहीत. जेवायला मात्र एकटे जायचे.

*

आवणीच्या दिवसांत दत्ताभाऊंनी आठवडाभराची रजा घेतली. भातलावणीसाठी सलग रजा त्यांनी आजवर कधी घेतलीच नव्हती. त्या आठवड्यात बिल्ड आलं, नव्या टूलने झालं, सर्व्हरवर चढलं. त्यांना कुणी फोन केला नाही. तसं ठरलंच होतं.

आठवड्याच्या शेवटी ऑफिसचा फोन वाजला. दत्ताभाऊंचे वडील बोलत होते. सुषमाताईंनी फोन स्पीकरवर घेतला.

"बाई, दत्ता बांधावर गेलाय म्हून इचारतो. त्याला कामावरून काडलं का?"

"नाही हो आबा. असं का वाटलं तुम्हाला?"

"सा दिस झालं, त्याला हापिसातनं एक फोन न्हाई. लेक सारखा मोबाईल बघतोय."

सुषमाताईंनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "आबा, काळजी करू नका. नोकरी पक्की आहे त्यांची. फक्त आता काम त्यांच्याशिवायही होतं."

"मंजी," आबा म्हणाले, "काडल्यावानीच की."