खोली चारची ओळ

सिन्नरजवळच्या एका गोदामात उज्वला केळी पिकवायच्या खोल्यांची यंत्रं सांभाळते. आधी हे काम शेखरचं होतं. तो फेब्रुवारीत अचानक वारला आणि त्याची सेटिंगची फाइल तिच्याकडे आली. कॉम्प्युटर तीच वाचून यंत्रं चालवायचा. नोटपॅडमध्ये उघडणारी साधी फाइल: सहा खोल्या, त्यांचं तापमान, पंख्यांच्या वेळा. मधे मधे शेखरच्या मराठीतल्या टिपा. 'खोली दोनचं दार चिकटतं, खांदा लावा.' वाचताना तो शेजारी बसलाय असंच वाटायचं.

खोली चारखाली लिहिलं होतं, 'दुपारी सव्वाबारा ते सव्वाएक पंखा चालूच. आत कोणीतरी असतं.'

तिने मॅनेजरना विचारलं. ते म्हणाले, "केळ्यांशिवाय कोण असणार?"

दाराच्या काचेतून तिने दोनदा पाहिलं. नुसते क्रेट दिसले. तरी ती ओळ वाचली की तिला भीती वाटायची. शेवटी तिने टीप पुसली. पुसताना खालच्या, पंख्याच्या वेळेच्या ओळीच्या सुरुवातीच्या दोन मोकळ्या जागाही गेल्या. त्या दोन जागांमुळेच ती ओळ खोली चारची ठरत होती. कॉम्प्युटरने चूक दाखवली नाही, ती ओळ गुपचूप सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी पाऊणला ती तिथून चालली होती. पंख्याचा आवाज नव्हता. आतून दार दोनदा वाजलं.

तिने दार उघडलं. पंखा बंद असल्याने केळी पिकवायचा गॅस आत साठला होता, कोंदट, गोडसर वास येत होता. क्रेटांमागे भिंतीला टेकून सिंधुबाई पडल्या होत्या, केळी निवडणाऱ्या. उज्वलाने श्वास रोखून त्यांना बाहेर ओढलं.

अर्ध्या तासाने त्या बोलल्या. "शेखरभाऊ म्हणले व्हते, पंखा लागला की आत जेवत जा, गार हाय. आज सवयीनंच बसले."

"बरं झालं दार वाजवलंत."

"म्या? मला तर हात बी हलवता येईना."

उज्वलाने वळून खोली चारच्या दाराकडे पाहिलं.

मॅनेजर म्हणाले, "ही फाइलच नको. बटणांवालं सॉफ्टवेअर घेऊ, कोणी काही पुसायला नको."

"त्यात टीप कुठे लिहिणार? पंखा का चालतो ते त्या टिपेतच होतं, सर. नीट विचारायचं सोडून मी ती पुसली."

फाइल राहिली. आता बदल केला की तपासणीचा प्रोग्रॅम आधी प्रत्येक ओळ पाहतो, आणि खोल्यांना गॅसचा भोंगा बसलाय. सिंधुबाई बाहेर शेडमध्ये जेवतात.

खोली चारमध्ये उज्वला एकटी जात नाही.