बाकड्यावरचा माणूस

ती साखळीचोरी अजून माझ्या डोक्यातून जात नाही. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी बेळगावकडची, बंगळूरला एका ठाण्यात फौजदार होते.

हेब्बाळच्या पलीकडे एका तळ्याकाठी सकाळी फिरायला गेलेल्या एका अज्जींच्या, म्हणजे आजींच्या, गळ्यातली साखळी कुणीतरी हिसकावली. ठाण्यात फोन आला आणि तासाभरात खबऱ्यानं नाव आणलं: याच गुन्ह्यात एकदा शिक्षा भोगलेला, आता घरं रंगवणारा माणूस. मी त्याला उचलून आणलं आणि दाराजवळच्या बाकड्यावर बसवलं. खरं सांगते, मलाही वाटलं, झालं काम. कुत्र्याचं शेपूट कधी सरळ होतं का!

चौकशीत त्याचं एकच. "अक्का, मागच्या वेळी केली होती, तर पहिल्याच दिवशी कबूल झालो. या वेळी केलीच नाही, काय कबूल करू? मुकादम म्हणालाय, पुन्हा पोलीस आले तर कामावर येऊ नको."

दुसऱ्या दिवशी अज्जींना रेकॉर्डमधला त्याचा फोटो दाखवला. "हाच तो! हे डोळे विसरेन का मी?" साहेब खूश.

कागद लावताना मी स्टेशन डायरी चाळली आणि थबकले. त्याला आणलं दहाला. अज्जी गळ्याला औषध लावून फिर्याद द्यायला आल्या साडेदहाला. म्हणजे त्याच्यासमोरून आत गेल्या, त्याच्यासमोरूनच बाहेर आल्या, आणि चकार शब्द बोलल्या नाहीत!

मग मी काय केलं, अज्जींना सहीसाठी बोलावलं आणि त्याच बाकड्यावर दुसऱ्या ठाण्याचा एक शिपाई साध्या कपड्यांत बसवला. दोन दिवसांनी पाच जणांच्या रांगेत त्या शिपायाला उभं केलं. रंगारी त्यात नव्हताच. अज्जींनी शिपायावरच बोट ठेवलं. "हाच! हेच डोळे!"

"अज्जी, मी पोलीस आहे हो!" तो बिचारा रडकुंडीला आला.

मी सगळं डायरीत नोंदवलं. साहेब कडाडले, "तू पोलीस आहेस की त्याची वकील?"

"पोलीस आहे, म्हणूनच लिहिलं, सर."

"खोड ते."

"नाही खोडणार."

रंगारी सुटला. माझी वाहतूक शाखेत बदली झाली. तीन वर्षं चौकात धूर खाल्ला. खाल्ला तर खाल्ला. पुढे ती साखळी दुसऱ्याच चोराकडे मिळाली, तेव्हा साहेबांनी मला कळवलंसुद्धा नाही. रंगाऱ्यानं चौकात येऊन सांगितलं. कपड्यांवर रंगाचे शिंतोडे होते. कामावरूनच आला होता.

अज्जी खोटं बोलत नव्हत्या, याचीच मला जास्त धास्ती वाटते. बाकड्यावर दिसलेला चेहरा ओळखीचा वाटला, कुठे पाहिला ते मनानं आपलं आपणच ठरवलं. आणि मी तरी काय वेगळं केलं होतं? आजही कुणी म्हणालं, "एकदा चोर तो कायमचा चोर," तर मी विचारते, त्याला बाकड्यावर बसवलं कुणी?

मी बसवलं होतं. म्हणून तर खोडलं नाही.