दुधाळ पाण्याचं खरं कारण

कणीक मळल्याचा वास आला की बोईसरच्या घरातली माशांची काचेची टाकी आठवते. वीजकेंद्राच्या कामावर मी नवा होतो. पाणी सारखं दुधाळ व्हायचं, मासे वर येऊन तोंड उघडायचे. ‘सुनेनं टाकीतली वाळू धुतली का नुसतीच भिजवली?’ आई शेजारणींसमोर म्हणायची. खरं तर वाळू तिनं माझ्यासमोर स्वच्छ धुतली होती. एका सकाळी आई पुण्य म्हणून टाकीत कणकेच्या गोळ्या सोडताना बायकोला दिसली. ती एवढंच म्हणाली, ‘आई, यांची पोटं भरलीत. तळ्यातले बिचारे उपाशी असतील, तिकडं जाऊ या.’ तिनं तळाशी कुजलेली कणीक उपसली, दोघी तळ्यावर जाऊ लागल्या आणि पाणी निवळलं. शेजारणींपुढे मात्र तिनं आईचं नाव कधीच घेतलं नाही. निष्काळजी सून म्हणवून घेतलं. मीही गप्प बसलो. आज दोघी नाहीत, म्हणून लिहितो: माझी बायको निष्काळजी नव्हती.